शेवाळ आणि मॉस एक नाही, टाकीतलं मॉस मारू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरातल्या फिश टँकच्या साफसफाईवर लेख आलाय तो वाचला आणि लगेच लिहायला बसले. लेख तसा चांगलाय, सगळं पाणी एकदम बदलू नका, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका टाकीच्याच पाण्यात पिळा, हे सगळं बरोबर सांगितलंय आणि नव्या लोकांना ते सांगायलाच पाहिजे. पण मधेच एक वाक्य आहे, टाकीत शेवाळ वाढलं असेल तर खरवडून काढा आणि शेवाळ मारायचं औषध टाका. बास, एवढंच. कुठलं शेवाळ ते नाही, औषधात काय असतं ते नाही, टाकीत श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्या, असतील तर काय ते नाही. माझी विनंती आहे की यावर दुरुस्ती छापा, कारण बरोब्बर याच सल्ल्याने माझी एक अख्खी टाकी गेलीये.

झालं असं की माझ्याकडे तेव्हा दोन फुटी टाकी होती, त्यात एक आडवं लाकूड आणि त्या लाकडावर दीड वर्ष वाढवलेलं जावा मॉस, इतकं भरलेलं की लाकूड दिसायचंच नाही, आणि त्यात लाल चेरी श्रिंप, मोजायला गेलं तर मोजता यायचे नाहीत इतके. काचेवर हिरवा थर यायला लागला म्हणून मी विचारलं, तर उत्तर मिळालं, शेवाळ झालंय ना, मग हे औषध टाका, आठ दिवसात टाकी लख्ख. बाटलीवर बारीक अक्षरात कॉपर लिहिलेलं होतं, मी ते वाचलंही होतं पण त्याचा अर्थ तेव्हा मला माहीत नव्हता. रात्री टाकलं. सकाळी श्रिंप वाळूवर आडवे पडलेले, काही अजून पाय हलवत होते. मी पाणी बदललं, परत बदललं, काही उपयोग झाला नाही. मॉस लगेच गेलं नाही, ते आधी फिकट झालं, मग पिवळट, मग तपकिरी, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी हात लावला तर बोटात नुसता भुगा. काचेवरचा हिरवा थर मात्र महिन्याभरात परत आला, कारण तो ज्याच्यामुळे येत होता, म्हणजे दिवसाला अकरा-बारा तास चालू राहणारा लाईट आणि गरजेपेक्षा जास्त टाकलेलं खाद्य, ते दोन्ही तसंच चालू होतं.

मुळात घोळ शब्दाचा आहे असं मला वाटतं. आपण ओल्या भिंतीवर येतं त्यालाही शेवाळ म्हणतो, साचलेल्या पाण्यावर हिरवी साय धरते त्यालाही शेवाळ म्हणतो, दगडावर पाय घसरतो तेही शेवाळच. रोजच्या बोलण्यात चालून जातं, कुणाचं काही अडत नाही. पण शाळेच्या पुस्तकात शैवाल वेगळं होतं आणि ब्रायोफायटा वेगळं होतं, आठवत असेल बघा, फ्युनारिया आणि रिक्सिया ही नावं. शैवाल म्हणजे अल्गी, त्याला खोड नाही पान नाही. मॉस म्हणजे ब्रायोफायटा, त्याला इवलंसं खोड आहे, खोडावर ओळीने पानं आहेत, मूळ नाही पण मुळासारखे केसाएवढे धागे आहेत ज्यांना रायझॉइड म्हणतात आणि ते फक्त धरून ठेवायचं काम करतात. फिश टँकवाल्याच्या दृष्टीने यातलं एक नको असलेलं पाहुणं आहे आणि दुसरं मुद्दाम आणून, बांधून, महिनोन्‌महिने सांभाळून वाढवलेलं असतं. दोघांना एकच नाव दिलं की वाचणारा बिचारा दोघांना एकच औषध देणार, त्याची काय चूक.

ओळखायला काही मशीन लागत नाही. चिमूटभर काढून बोटात चोळा. अल्गी बुळबुळीत लागते, लांब धाग्यांची असेल तर ओल्या केसांसारखी गुंडाळी होते आणि त्यात पान म्हणून काही दिसत नाही. मॉस चोळलं तर किंचित खरखरीत, स्प्रिंगसारखं दबतं आणि सोडलं की परत फुलतं. साधं भिंग असेल तर अजूनच सोपं, जावा मॉसची एक काडी पांढऱ्या बशीत पाण्यात ठेवून बघा, मधे बारीक दोरीसारखं खोड आणि दोन्ही बाजूंना निमुळती पानं, इतकी पातळ की लाईट आरपार जातो. मॉसचं पान बहुतेक ठिकाणी फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. एकाच पेशीच्या जाडीचं, म्हणजे वर साल नाही, मेणाचा थर जवळपास नाही, आणि मोठ्या झाडासारख्या पाणी वर चढवणाऱ्या नळ्याही नाहीत. ते जे काही घेतं ते अंगाने घेतं, सगळ्या पृष्ठभागातून, थेट पाण्यातून. म्हणूनच पाण्यात टाकलेलं औषध त्याला थेट लागतं. नदीच्या पाण्यात जड धातू किती आहेत ते तपासायला शास्त्रज्ञ पाण्यातलं मॉस वापरतात, कारण ते धातू अंगात साठवून ठेवतं. आणि आपण त्याच्याच डोक्यावर कॉपरची बाटली ओततो. श्रिंपला तर अगदी थोडं कॉपरही सहन होत नाही. लिक्विड कार्बन म्हणून जे विकतात त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत ग्लुटाराल्डिहाइड नावाचं जंतुनाशक रसायन असतं, ते अल्गीवर चालतं हे खरं, पण मॉसवरही चालतं, आणि रिक्सियासारख्या नाजूक जातीवर तर जास्तच. ज्याच्या टाकीत मॉस आहे त्याने बाटली उघडायच्या आधी मागचं लेबल वाचावं आणि आजारी माशाला औषध द्यायचंच असेल तर वेगळ्या डब्यात काढून द्यावं, एवढं तरी त्या लेखात यायला हवं होतं.

नावाचा घोळ उलट्या बाजूनेही आहे बरं का. मॉस बॉल म्हणून जो हिरवा मखमली गोळा मिळतो, मारिमो, ते मॉस नाहीच, ती अल्गी आहे, एगाग्रोपिला लिनाई. जपानमधल्या आकान तलावातल्या मारिमोला तिथल्या सरकारने १९५२ मध्ये विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला, इतकं ते जपलं जातं, आणि शेवाळाचं औषध टाकलं की तोही मरणार कारण तो खरोखरच शेवाळ आहे. रिक्सिया, मिनी पेलिया हेही दुकानात मॉसच्या रांगेत ठेवलेले असतात पण ते लिव्हरवर्ट, म्हणजे मॉसचे चुलत भाऊ म्हणा. रिक्सिया तर मुळात पाण्यावर तरंगणारी वनस्पती, ती दगडाला बांधून पाण्याखाली हिरवळ करायची पद्धत जपानचे मत्स्यटाकी सजवणारे ताकाशी आमानो यांनी जगभर पोचवली, ते २०१५ मध्ये गेले, पण आजही कुठल्याही टाकीत दगडावर हिरवळ दिसली की त्यामागे त्यांचं काम असतं. आणि खुद्द जावा मॉस कित्येक वर्षं व्हेसिक्युलारिया डुब्याना या दुसऱ्याच जातीच्या नावाने विकलं जात होतं, त्याचं खरं नाव टॅक्सिफायलम बार्बिएरी. ख्रिसमस मॉस, विपिंग मॉस हे व्हेसिक्युलारियातले, ख्रिसमसच्या फांद्या त्रिकोणी एकावर एक पडतात, विपिंगच्या खाली लोंबतात. फ्लेम मॉस वर पिळत जातं. सगळ्यांत मला विलो मॉसचं नाव आवडतं, फॉन्टिनॅलिस अँटिपायरेटिका, स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये दिलेलं, अँटिपायरेटिका म्हणजे आगीच्या विरुद्ध, कारण स्वीडनमध्ये लोक धुराडं आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हे मॉस भरायचे, आग लागू नये म्हणून. पण ते थंड पाण्याचं, उष्ण टाकीत ते टिकत नाही, हौसेने आणू नका.

आता माझ्या टाकीचं पुढे काय झालं ते सांगते कारण त्यातच काळजी कशी घ्यायची ते सगळं आलं. लाकूड धुवायला बाहेर काढलं तेव्हा खालच्या बाजूला एका खाचेत नखाएवढा तुकडा हिरवा राहिलेला दिसला. टाकून द्यायचा जीव झाला नाही. काचेच्या बरणीत साधं पाणी घेतलं, क्लोरीन काढायचं औषध घातलेलं, आणि त्यात तो तुकडा सोडून खिडकीपासून जरा लांब ठेवला, थेट ऊन पडणार नाही असा. पहिले तीन-चार आठवडे काही म्हणजे काहीच झालं नाही. जुनी पानं अजून थोडी काळवंडली. मी रोज बघायचे. मग एका सकाळी बरणी उजेडासमोर धरली तर त्या काळपट काडीच्या टोकाला एक फिकट पोपटी ठिपका, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, आणि दोन दिवसांनी तसे पाच-सहा. मॉस जिवंत आहे की नाही ते जुन्या पानांवरून ठरवू नका, टोकं बघा. नवीन आणलेल्या मॉसचंही तेच होतं, ते बऱ्याचदा पाण्याबाहेर दमट हवेत वाढवलेलं असतं, टाकीत गेल्यावर जुनी पानं तपकिरी होतात, लोकांना वाटतं मेलं आणि काढून टाकतात, खरं तर ते पाण्याखालची नवीन पानं काढायच्या तयारीत असतं. महिनाभर हात लावू नका. कुठेही उपटू नका, जागा बदलू नका.

मॉस वाढवायला कात्री लागते हे मला बरणीतच कळलं. तुकडा जरा वाढला तसा मी तो भीत भीत कापला, बारीक अर्धा-पाऊण सेंटीमीटरचे तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्याला कापलेल्या जागेजवळून नवे फुटवे आले. एका काडीच्या चार, चाराच्या पंधरा. म्हणून ज्यांना वाटतं मूठभर मॉस पाहिजे तरच सुरुवात करता येईल, त्यांनी चिमूटभर घ्यावं आणि कापावं.

मग ते लाकडाला बांधलं. इथे बहुतेक सगळे तीच चूक करतात, जाड थर लावतात, लवकर भरलेलं दिसावं म्हणून. जाड थराच्या आत ना उजेड जातो ना पाणी फिरतं, आतलं मॉस तपकिरी पडतं, कुजतं, आणि चार-सहा महिन्यांनी वरचा हिरवा भाग गालिच्यासारखा सुटून वर येतो आणि खाली उघडं लाकूड. थर इतका पातळ लावा की मधून लाकूड दिसलं पाहिजे, लावल्यावर वाटलं पाहिजे की हे फारच कमी झालं. दोरा कुठला यावरही लोक भांडतात, माझं मत असं की जातीप्रमाणे ठरवा. सुती दोरा काही आठवड्यांत कुजतो, तोवर ख्रिसमस मॉसने लाकूड बऱ्यापैकी धरलेलं असतं, पण जावा मॉसची पकड सैल, ते दोरा गेला की सुटतं, त्याला नायलॉनचा बारीक दोरा किंवा मासे धरायच्या गळाची तंगूसच बरी. सुपर ग्लूचं जेलही चालतं, तो पाण्यात लगेच घट्ट होतो आणि वाळल्यावर माशांना त्रास नाही, फक्त ठिपके ठिपके लावा, सपाट फासू नका, फासलेल्या जागेचं मॉस मरतं आणि पांढरा डाग महिने महिने दिसत राहतो. जाळी वापरायची तर स्टेनलेस स्टीलची. तांब्याची तार नको, गॅल्व्हनाइज्ड तारही नको, जस्त सुटतं.

लाईटबद्दल मी आता फार ठाम झालेय. मॉसला कमी उजेड पुरतो, जंगलात ओढ्याकाठी सावलीत वाढणारी ही वनस्पती, तिला कडक लाईट देऊन आपण तिचं नाही तर अल्गीचं भलं करतो. मी टायमर लावलाय, सहा तास, जास्तीत जास्त सात. लाईट वाढवला तर वाढ वेगात होते हे खोटं नाही, पण मग त्या हिशेबाने खतही लागतं आणि सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडही, लागतो, आणि त्यातलं एक जरी कमी पडलं तरी मॉसच्या फांद्यांतून हिरवे केस निघायला लागतात, हेअर अल्गी, आणि मॉसमधली हेअर अल्गी काढणं म्हणजे लोकरीत अडकलेले कुसळ काढण्यासारखं, तासन्‌तास बसा. ती आलीच तर जुना टूथब्रश घालून हळूहळू गोल फिरवायचा, अल्गी ब्रशला गुंडाळली जाते, मॉसही थोडं येतं, येऊ दे. लाईट दोन तास कमी करा, खाद्य निम्म्यावर आणा, पाणी जरा जास्त वेळा बदला. आमानो श्रिंप आणि चेरी श्रिंप मदत करतात पण आधीच लांब वाढलेली अल्गी ते संपवत नाहीत, नवीन येणारी खातात. फारच झालं असेल तर स्वच्छ राहिलेली टोकं कापून घ्या, बाकी टाकून द्या, आणि नव्याने बांधा. मी एकदा तसं केलंय, वाईट वाटलं पण तीन महिन्यांत भरून आलं.

सीओटूचं सिलिंडर मॉससाठी लागतंच असं अजिबात नाही. पण एक गोष्ट समजून घ्यायला हवी की बहुतेक मॉस पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडच घेतं, आणि वायू पाण्यात हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू पसरतो. साचलेल्या पाण्यात पानाजवळचा कार्बन डायऑक्साइड संपला की मॉस उपाशी बसतं जरी टाकीत इतरत्र तो असला तरी. म्हणून हलका प्रवाह पाहिजे. मी लाकूड फिल्टरच्या तोंडासमोर नाही पण त्याच्या वाटेवर ठेवलंय, फांद्यांची टोकं जरा डोलताना दिसली पाहिजेत इतपत. प्रवाहाचा दुसरा फायदा त्याहून मोठा, गाळ बसत नाही. मॉस म्हणजे चाळणी आहे, माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, कुजलेली पानं सगळं त्यात अडकतं, आणि वरून हिरवंगार दिसत असताना आत चिखल साठतो. दर पंधरा दिवसांनी पाणी बदलताना मी टाकीतलंच पाणी बादलीत घेते, लाकूड उचलून त्यात हळूच वर-खाली बुचकळते. पहिल्यांदा केलं तेव्हा बादलीतलं पाणी इतकं गढूळ झालं की तळ दिसेना, आणि त्या गाळातून श्रिंपची दोन पिल्लं वर आली, पारदर्शक, डोळ्यांच्या दोन काळ्या ठिपक्यांमुळेच कळली. तेव्हापासून बादली लगेच ओतत नाही, दहा मिनिटं ठेवते, टॉर्च मारून बघते, मगच. लाकूड उचलता येत नसेल तर हाताने पंख्यासारखं पाणी मारा आणि उडालेला गाळ सायफनने ओढून घ्या.

पाण्याचं तापमान २० ते २५ अंशात जावा मॉस सुखात असतं, थोडं इकडे-तिकडे चालतं, पण ३० च्या वर आठवडेच्या आठवडे गेलं तर ते बारीक, लांबट, विरळ होत जातं आणि खालून तपकिरी. तेव्हा टाकीचं झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पाणी मात्र भराभर आटतं, ते भरत राहावं लागतं. पाणी जड की हलकं, पीएच किती, यात जावा मॉस फारसं खोडकर नाही, आकडे बघत बसू नका, आकडे सारखे वर-खाली होणार नाहीत एवढं बघा.

छाटणी. दीड-दोन इंच जाडी झाली की छाटायचंच, मन घट्ट करून, कारण वरचा थर खालच्याचा उजेड अडवतो. फिल्टर बंद करा आधी, हे विसरलं की तुकडे फिल्टरच्या तोंडात जाऊन बसतात आणि राहिलेले टाकीभर, महिन्याभराने वाळूत, दगडांच्या फटीत, दुसऱ्या झाडांच्या बुंध्यात सगळीकडे मॉस उगवतं. कापता कापता सायफनचा पाइप शेजारी धरा, तोंडाला जुनं कापड लावलेल्या बादलीत सोडा, तुकडे कापडावर गोळा होतात.

नवीन मॉस आणलं की ते थेट टाकीत नको. त्यात गोगलगायीची अंडी असतात, हायड्रा हा इवलासा डंख मारणारा जीव असतो, प्लॅनेरिया नावाचा चपटा किडा असतो, चतुराच्या अळ्या तर मी स्वतः बघितल्यात आणि ती अळी श्रिंप आणि छोटी पिल्लं दोन्ही खाते. कीटकनाशकाचा अंशही असू शकतो जो माशांना कळणार नाही पण श्रिंपला कळेल. आठ-दहा दिवस वेगळ्या बादलीत, रोज पाणी बदलून, पांढऱ्या बशीत पसरून बघून, मग टाकीत. आणि भिंतीवरचं किंवा बागेतलं मॉस खरवडून आणून टाकीत लावू नका, लहान मुलं हमखास हे करतात. जमिनीवरचं मॉस बुडवलं की काही आठवडे हिरवं दिसतं आणि मग कुजतं आणि पाणी बिघडवतं.

एवढी खटपट कशासाठी असं कुणी विचारेल. ज्यांच्याकडे अंडी विखरून टाकणारे मासे आहेत, टेट्रा, डॅनिओ, बार्ब, त्यांना माहीत आहे की आई-बापच अंडी खाऊन टाकतात. मॉसचा दाट गुच्छ असेल तर अंडी आत पडतात आणि वाचतात. पिल्लं बाहेर आली की पहिले काही दिवस त्यांचं तोंड इतकं लहान असतं की आपण दिलेलं कुठलंच खाद्य त्यात जात नाही, आणि मॉसच्या पानापानावर जे सूक्ष्मजीव असतात, इन्फ्युसोरिया, तेच त्यांचं पहिलं खाणं. श्रिंप तर दिवसभर त्यावर बसून पुढचे पाय एकामागून एक तोंडाकडे नेत असतात, एक सेकंद थांबत नाहीत. मॉस माशांच्या टाकाऊतला अमोनियाही थोडाफार शोषून घेतं, पण थोडाफारच हं, मॉस आहे म्हणून फिल्टर काढला किंवा पाणी बदलणं सोडलं असं करू नका, ते काम फिल्टरमधल्या बॅक्टेरियाचं आहे.

त्या नखाएवढ्या तुकड्यापासून आज माझ्या दोन टाक्यांत मॉस आहे आणि निदान दहा-बारा घरांत गेलंय. पण ते श्रिंप गेले ते गेलेच. म्हणून सांगते, पुढच्या पुरवणीत चार ओळी छापा. काचेवर, दगडावर येतं ते शैवाल, त्यासाठी आधी लाईट आणि खाद्य कमी करा, हाताने पुसा. लाकडाला बांधलेलं पानांचं मॉस, ते साफसफाईत काढू नका. आणि कॉपर असलेलं कुठलंही औषध श्रिंप आणि मॉसच्या टाकीत टाकू नका. तुमचा पेपर वाचून आज संध्याकाळी कुणीतरी बाटली हातात घेऊन टाकीसमोर उभं असेल, त्याच्यापर्यंत हे पोचलं पाहिजे.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. एक राहिलंच. छाटलेलं मॉस नाल्यात, तळ्यात, नदीत सोडू नका. एका काडीपासून ते परत उभं राहतं हे वर लिहिलंच आहे, आणि त्याच्यासोबत काय काय जातं ते कळत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत दुकानांतल्या त्याच मारिमोच्या गोळ्यांमध्ये झेब्रा मसल नावाचे उपद्रवी शिंपले सापडले होते आणि माल सगळीकडून परत मागवावा लागला होता. कुणाला द्यायचं नसेल तर उन्हात कडकडीत वाळवा आणि मग कुंडीतल्या मातीत मिसळा.